खोक्यांना खिळे ठोकायला डिप्लोमा केला का?

नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचं पत्र आलंय. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. अंबडमधली औद्योगिक फिल्टर बनवणारी एक कंपनी त्याला घ्यायला तयार आहे, पण डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल पॅक करून पाठवणाऱ्या खात्यात. प्रॉडक्शनला सध्या जागा नाही. वडील म्हणतात, "खोक्यांना खिळे ठोकायला तीन वर्षं फी भरली का?" मुलगा गप्प आहे. हो म्हणावं की थांबावं, असं त्या विचारतात.

ताई, हो म्हणा. त्याच्या वडिलांचा राग मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. पाच वर्षांनंतरही टेप आणि स्ट्रॅपिंगमध्येच अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी कागदाजवळ येऊ दिलं नाही, आणि त्यांनीही कधी मागितला नाही.

कागद म्हणजे मालाबरोबर जाणारी कागदपत्रं. त्यात काय असतं ते सांगतो. धूळ पकडणाऱ्या बॅग फिल्टरचे सुटे भाग परदेशी निघालेत असं धरा. प्रत्येक मालाला वर्गीकरणाचा एक आकडा असतो, तो एचएसएन कोड. गाळणयंत्रांचा 8421, त्यांच्या खास भागांचा 8421 99. नवखा माणूस अख्ख्या पॅकिंग लिस्टवर तोच चिकटवून मोकळा होतो. बॅगेला आतून ताठ ठेवणारा तारेचा सांगाडा, म्हणजे केज, त्यात बसते, पण केजवर चढणारी कापडी बॅग 5911 मध्ये जाते. रबरी गॅस्केट 4016, हवेच्या झटक्याने बॅग साफ करणारा पल्स व्हॉल्व्ह 8481, आणि साधे नटबोल्ट 7318. भाग कुठल्या यंत्राला लागतो एवढ्यावर भागत नाही. तो कशाचा बनलाय आणि त्याला कोडच्या यादीत स्वतःचं वेगळं घर आहे का, हे आधी बघावं लागतं. ड्रॉइंगवरचा मटेरियलचा रकाना वाचता येणारा मुलगा इथे बी.कॉम.वाल्याच्या पुढे असतो. फी वाया गेलेली नाही, एवढं त्याच्या वडिलांना नक्की सांगा.

अॅक्टिव्हेटेड कार्बन तर आणखी वेगळा. कोड 3802, आणि स्वतःहून तापू शकणारा म्हणून यूएन 1362 या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाखाली तो धोकादायक मालात मोडू शकतो. चाचणीचा रिपोर्ट हातात नसताना तो इतर मालाच्या पेटीत टाकायचा नाही.

आता खोक्याकडे वळू. फिल्टर हा हलका आणि जागा खाणारा माल. 610 बाय 610 बाय 292 मिमीचा हेपा फिल्टर (हवेतले अतिबारीक कण अडवणारा) पॅक केल्यावर खोका साधारण 65 बाय 65 बाय 34 सेंमीचा होतो. काट्यावर तो 14 किलो भरला, तरी विमानाचं भाडं सहसा घनफळावर लागतं: तिन्ही मापांचा गुणाकार भागिले 6000, म्हणजे जवळपास 24 किलो. खोका चार सेंटिमीटरने आवळता आला तर कंपनीचे पैसे वाचतात. पण फार आवळला आणि फिल्टरच्या आतल्या गाळणकागदाच्या घड्या उभ्या ठेवायच्या ऐवजी आडव्या गेल्या, तर कसारा घाट उतरेपर्यंत फिल्टर कामातून गेला म्हणून समजा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची पेटी परदेशी बंदरावर अडली होती. पेटी प्लायवूडची, त्याला लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून केलेला आयएसपीएम 15 हा आंतरराष्ट्रीय नियम लागत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. फोर्कलिफ्टसाठी खाली मारलेले तीन ठोकळे मात्र साध्या लाकडाचे होते. असं लाकूड सहसा गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आणि शिक्का मारलेलं हवं. शिक्का नव्हता. त्या दिवसापासून तो पेटी आधी उलटी करून बघतो. मला त्याने फोटो पाठवला होता, ठोकळ्यांचाच.

मुलाला सांगा, पहिले सहा महिने पेट्या मनापासून भर. मग साहेबांकडे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि ई-वे बिलाचं (माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचं) काम माग. "नंतर बघू" हे उत्तर वर्षभर मिळत राहिलं तर दुसरीकडे अर्ज कर. सातपूर, सिन्नर, गोंदे सगळं जवळच आहे. नोकरी करता करता आपल्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन ठेव. पुढे कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे इतरांचा आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याच्या, परवान्याची परीक्षा द्यायची झाली तर पदवी लागतेच, शिवाय अनुभव किंवा वरचं शिक्षण.

पगाराचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. तो प्रॉडक्शनच्या ट्रेनीपेक्षा कमी असेल तर मुलाने सही करण्याआधी विचारावं, नंतर नाही. आणि सेफ्टी शूज कंपनी देते का, तेही त्याच वेळी.