मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात धर्म इतका कसा बदलला? एकट्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकामुळे?
नाही. चर्चवरची नाराजी जुनीच होती. सुधारणा मागणाऱ्या यान हुस या चेक धर्मोपदेशकाला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला जिवंत जाळलं.

माझ्या मते निर्णायक ठरली ती छपाई. तिचा वापर चर्चनेही सुरुवातीलाच केला: १४५४-५५ मध्ये माइन्झला पापक्षमेची पत्रं छापली गेली, नाव आणि तारखेची जागा कोरी ठेवून. पैसे द्या, नाव भरून घ्या! १५१७ मध्ये ल्यूथरने याच विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि वर्ष संपायच्या आत ते न्यूरेंबर्ग, लाइपझिग, बाझलमध्ये छापले गेले. हुसच्या काळात हे साधनच नव्हतं. मग १५२२ मध्ये ल्यूथरने केलेला बायबलमधल्या 'नव्या करारा'चा जर्मन अनुवाद आला आणि लॅटिन न येणाऱ्यांनाही पाद्र्याचं म्हणणं स्वतः पडताळता येऊ लागलं.