शिरेत उतरलेली गाठ आणि नातेवाइकांचा प्रश्न

प्रिय डॉक्टर,

किडनीची गाठ शिरेत उतरल्याचं सीटीवर दिसलं की नातेवाइकांना काय सांगायचं, असं तू विचारलं होतंस. आधी त्यांनी काय धरून ठेवलंय ते बघ. ‘शिरेत गेलंय’ म्हटलं की बहुतेकांना वाटतं, कॅन्सर रक्तातून अंगभर गेला, आता ऑपरेशन कशाला? ही समजूत त्याच बैठकीत दूर कर. तिच्यापायी माणसं पेशंटला घरी घेऊन जातात, आणि ऑपरेशनविना राहिलेल्यांपैकी बरेच जण वर्षही काढत नाहीत.

किडनीच्या कॅन्सरला शिरेच्या पोकळीतून वर सरकायची खोडच आहे. शंभरातल्या चार ते दहा पेशंटमध्ये ते दिसतं. उजवी रीनल व्हेन, म्हणजे किडनीची शीर, आखूड, त्यामुळे तिकडची गाठ आयव्हीसीत, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत, जास्त वेळा पोचते.

आकडे हवेत तर २०११चा एक मोठा अभ्यास आहे, अमेरिका-युरोपातल्या केंद्रांतल्या १,२१५ पेशंटचा. ऑपरेशननंतर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण रीनल व्हेनपुरतं असेल तर सुमारे ४३ टक्के, आयव्हीसीत पण डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) खाली असेल तर ३७, आणि वर गेलं असेल तर २२. पण हे जसेच्या तसे कुणाच्या पुढ्यात टाकू नकोस. त्यात आधीच दुसरीकडे पसरलेले पेशंटही होते. ज्याची फुप्फुसं, हाडं आणि लिम्फ नोड स्वच्छ आहेत, त्याचं चित्र याहून बरंच चांगलं असतं.

गाठ किती उंच गेली हे स्कॅनमध्ये पटकन नजरेत भरतं, म्हणून सगळे तेच बोलतात. मी मात्र आधी विचारतो, शिरेच्या भिंतीत घुसलीय का? आयव्हीसी उघडल्यावर कधी थ्रॉम्बस, म्हणजे गाठीचा शिरेत उतरलेला भाग, गुळगुळीत, अख्खा हातात येतो. कधी भिंतीला असा चिकटलेला असतो की भिंतीचा तुकडाच कापावा लागतो. या दुसऱ्या प्रकारच्या पेशंटची मला जास्त काळजी वाटते. स्टेजिंगही हेच मानतं: आयव्हीसीच्या भिंतीत शिरली असेल तर डायफ्रामच्या खाली असूनही टी३सी, म्हणजे डायफ्रामच्या वर गेलेल्या गाठीचीच पायरी. त्यात नोडमध्ये किंवा भोवतीच्या चरबीत कॅन्सर, किंवा सार्कोमॅटॉइड बदल (पेशींनी घेतलेलं जास्त आक्रमक रूप), यांतलं काही आलं की आयुष्य आणखी घटतं.

पॅथॉलॉजीचा रिपोर्टही नीट वाच. कापलेली शीर आक्रसते आणि थ्रॉम्बस टोकातून बाहेर डोकावतो. तेवढ्यावरून मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कडेला कॅन्सर मागे राहिला, असं ठरत नाही. कापलेल्या कडेला भिंतीत कॅन्सर दिसला तरच. हा फरक कळला नाही तर त्या घरावर नसलेलं संकट कोसळतं.

एक राहिलंच. थ्रॉम्बस वाढत असतो, म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांतलं इमेजिंग हातात असल्याशिवाय टेबलवर घेऊ नकोस. जुन्या स्कॅनमध्ये लिव्हरच्या खाली असलेला थ्रॉम्बस आता वर सरकला असेल, तर कार्डियाक टीमला आदल्या दिवशीच बोलावून ठेवावं लागेल.

तुझे सर