भजन मंडळातले बायकोवरचे विनोद, माणसं न तोडता, कसे थांबवायचे?

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मंडळात तुम्ही सोळा जण, त्यात पाच बाया. नवी पेटी (हार्मोनियम) आल्यापासून दर गुरुवारच्या तालमीत तेच ते चालू आहे: ‘किंमत घरी सांगू नोको, मी कमीच सांगतली, उद्या मी मेलो त बायको तितक्यातच इकून टाकीन’, ‘पेटी म्हणजे माही पहिली बायको’, ‘घरून परवानगी काढली का?’ तीन बायांनी येणं सोडलं, त्यात तुमच्या घरच्या वहिनीही आहेत. तुम्ही एकदा बोललात तर ‘बायकोले भेते हा’ म्हणून तुम्हालाच हसले. तुम्ही तबल्यावर बसता आणि मंडळ तुम्हाला मोडायचं नाही.

विनोदाची व्याख्या करत बसलात तर हरणार. ‘आता हसायचंही नाही का’ एवढ्या एका वाक्यावर बैठक संपते. मी पेटी शिकवतो. मंडळांत बसून माझं मत असं झालंय की हे विनोद तीन जागी उगवतात: पैसा, वेळ आणि पट्टी (म्हणजे गाण्याचा ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा ते). त्या तिन्ही जागा नीट करता येतात, त्यातली पट्टी तर सगळ्यांत लवकर.

त्याआधी थट्टा कोणती आणि अपमान कोणता, ते ओळखण्याची एक खूण सांगतो. आपल्याकडे दीर-वहिनीची थट्टा चालते. दीर एक बोलला की वहिनी दोन ऐकवते आणि सगळे हसतात. पण भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तीच बाई पदर सावरून गप्प बसते. गावातल्या मंडळात सगळे नात्यातले किंवा नात्यासारखेच असतात, त्यामुळे पेटीवर बसलेला माणूस कोणाचा तरी भासरा असतो, कोणाचा सासरा असतो. त्याने ‘बायका आणि बैल’ असं काही म्हटलं तर समोरच्या बाईला तोंडच उघडता येत नाही. ज्याच्यावर विनोद झाला त्याला त्याच बैठकीत तितक्याच मोकळेपणाने परत बोलता येत असेल तर ती थट्टा. बोलता येत नसेल तर ती थट्टा नव्हे. एखादी बाई हसली म्हणून तिला चालतं असंही समजू नका. चार मोठ्या माणसांसमोर न हसणं तिला परवडत नाही.

यातून कामाची एक गोष्ट निघते. थांबवणारा माणूस बोलणाऱ्याच्या बरोबरीचा किंवा त्याच्याहून मोठा हवा. तुम्ही वयाने लहान असाल तर तुमच्या तोंडून ते उद्धटपणा ठरेल. मंडळात ज्याचा शब्द चालतो असे एक काका गाठा. बैठकीत नव्हे, आदल्या दिवशी शेतात किंवा ओट्यावर. त्यांना ‘विनोद वाईट आहेत’ म्हणू नका. ‘पाचातल्या तीन बाया येईनाशा झाल्या, पुढच्या स्पर्धेला कोरस कुठून आणायचा?’ हे विचारा. हा प्रश्न त्यांना लगेच कळतो.

आता पट्टी. यावर जरा जास्त लिहितो, कारण ‘बायकांना सूर लागत नाही’, ‘बाई किंचाळते’ हे विनोद इथूनच येतात आणि त्यांचं कारण शंभर टक्के पेटीत आहे. पुरुषांची मंडळं बहुधा काळी 1 मध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी ‘सा’ (षड्ज) धरून, गातात. त्या पट्टीत बाईने वरचा षड्ज धरला तर अंतऱ्यातला तार गंधार-मध्यम इतका उंच जातो की आवाज फाटतो. खालचा धरला तर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आवाजच उरत नाही. म्हणजे वर किंचाळायचं नाहीतर खाली पुटपुटायचं. मग हसणारे हसतात आणि ती पुढच्या गुरुवारी येत नाही. उलट त्याच पुरुषांना काळी 4 मध्ये वरच्या षड्जावर अख्खं पद गायला लावा, तेही तसेच फाटतील.

वहिनींची पट्टी अशी काढा. त्यांना पाठ असलेल्या पदाची सगळ्यात वर जाणारी ओळ आधी म्हणायला सांगा, मुखडा नाही. काळी 5 पासून सुरुवात करा, तिथे ताण आला तर पांढरी 6, मग काळी 4. वरची ओळ आरामात आली की सगळ्यात खालची ओळ तपासा, मंद्र पंचम ऐकू यायला हवा. बऱ्याच बायांचा आवाज काळी 4 ते काळी 5 च्या दरम्यान बसतो. घाईत मुखड्यावरून पट्टी ठरवली की हमखास फसते, कारण मुखडा मधल्या सप्तकात असतो आणि तो कोणत्याही पट्टीत बरा वाटतो.

काळी 4 बसली तर तुमचं काम फारच सोपं आहे. काळी 4 ला षड्ज धरला की तिचा शुद्ध मध्यम येतो काळी 1 वर, आणि तुमचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) तर आधीच काळी 1 ला लावलेला आहे. तोच तबला मध्यमात लागला म्हणून चालतो. गठ्ठ्याला (वादीखालच्या लाकडी ठोकळ्याला) हात लावायची गरज नाही, दुसरा तबला घ्यायची तर नाहीच. फक्त ज्या चालीत शुद्ध मध्यमच नाही, भूपासारखी, तिथे हा मध्यम खटकेल. ती पदं त्या पट्टीत घेऊ नका. पांढरी 6 बसली तर मध्यम पांढरी 2 वर येतो, म्हणजे तबला अर्धा सूर चढवावा लागेल. गठ्ठे थोडे खाली सरकवा आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) हातोडीने सगळीकडून सारखे ठोके देऊन सूर जुळवा. काळी 5 ला मात्र मध्यम काळी 2 वर जातो. त्याच पुडीवर (तबल्याच्या चामड्यावर) पूर्ण एक सूर चढवला तर किनार फाटायची भीती. तिथे लहान तोंडाचा दुसरा दायाँ लागेल, नाहीतर ते पद खंजिरी आणि टाळावर घ्या. खंजिरीला पट्टीचं बंधन नाही, आणि आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी भजन ऐकणाऱ्याला ते काही कमी वाटत नाही.

पेटीवाल्याची अडचण निराळी. काळी 1 वर बोटं बसलेली असतात आणि पट्टी बदलायला लाज वाटते. ती लाज झाकायला ‘लेडीज पट्टी आपल्याला नाही जमत बाप्पा’ असा विनोद होतो. त्यांना कागदावर लिहून द्या: काळी 4 चा षड्ज धरला तर सा रे ग म प ध नी म्हणजे काळी 4, काळी 5, पांढरी 1, काळी 1, काळी 2, पांढरी 4, पांढरी 5 आणि वरचा सा पुन्हा काळी 4. रोज वीस मिनिटं साधे अलंकार, दोन आठवड्यांत केरव्यातलं पद हाताखाली येतं. स्केलचेंजर पेटीची (सुरांची पट्टी सरकवून पट्टी बदलणाऱ्या पेटीची) गरज नाही. ती महाग असते, आणि ती सरकती सुरांची पट्टी प्रवासात हलली की गावात दुरुस्त करणारा मिळत नाही.

मग क्रम असा ठेवा: दोन पदं काळी 1 मध्ये, एक पद काळी 4 मध्ये. बायांच्या पदात पुरुष कोरसला खालच्या सप्तकात जातील. पहिले एक-दोन गुरुवार गोंधळ होईल, कोरसवाले सवयीने जुन्या पट्टीत उचलतील. पद सुरू करण्याआधी पेटीवर षड्ज-मध्यम पाच-सहा सेकंद धरून ठेवला की तो गोंधळ जातो.

आता पैसा. ‘किंमत घरी सांगू नका’ हा सगळ्यांत जुना विनोद, जगभरच्या वाजवणाऱ्यांत चालतो. आपल्याकडे तो जास्त टोचतो, कारण तो पैसा बहुतेक वेळा तिच्याही हातचा असतो. दुहेरी सुराच्या बऱ्या पेटीला 15 ते 25 हजार सहज लागतात. 20 हजार धरा. कापूस वेचणीची मजुरी किलोला 10 रुपये धरली तर ते 20 क्विंटल वेचणं झालं. दिवसाला 40 किलो वेचणाऱ्या बाईचे पन्नास दिवस, कमरेला ओटी बांधून, वाकून, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटत. हा हिशेब बैठकीत एकदा मोठ्याने मांडा. कोणाला टोमणा म्हणून नको, पेटीचा खर्च वहीत लिहिताना सहज मांडा. माझ्या समजुतीप्रमाणे यानंतर किमतीवरचा विनोद पूर्वीसारखा रंगत नाही.

आणि वही ठेवाच. वाद्यं कोणा एकाच्या नावावर न ठेवता मंडळाची करा. घरामागे महिन्याला 50 रुपये वर्गणी, कार्यक्रमाचं मानधन, पुडी बदलणं, भात्याची दुरुस्ती, गाडीभाडं, सगळं तारखेवार. बायांना बचत गटाच्या वहीची सवय असते, त्यांच्यातल्याच एकीकडे ती द्या. कोणी स्वतःसाठी वाद्य घेत असेल तर तो त्याच्या घरचा मामला आहे, पण मंडळाच्या पैशातून उसने हवे असतील तर नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्या, जशा गटात घेता. लपवायला काही राहिलं नाही की लपवण्याचा विनोदही राहत नाही.

वेळेचं थोडक्यात सांगतो. ‘परवानगी’च्या विनोदामागे रात्री अकरापर्यंत चालणारी तालीम असते. आठला सुरू, दहाला आरती, हे ठरवा आणि पाळा. सोळा जणांचा चहा म्हणजे लिटरभर दूध, दीडशे ग्रॅम साखर आणि नंतर सोळा कप विसळणं. हे ज्या घरी तालीम त्या घरच्या बाईवर पडतं, म्हणून ती गात असली तरी अर्धी तालीम चुलीपाशी जाते. तालीम देवळात घ्या, चहा सुरुवातीलाच, दोघादोघांची पाळी, पुरुष धरून. बायांना परत सोडायला कोण जाणार तेही पाळीतच लिहा.

विनोद नेमका कधी होतो, हेही बघा. पद संपतं, पेटीवाला वही उलटतो, तुम्ही हातोडी घेता, आणि त्या दोन-तीन मिनिटांच्या रिकाम्या जागेत कोणीतरी सुरू होतं. ती जागा तुमच्या हातात आहे. पदांचा क्रम आधी लिहून पेटीवर चिकटवा. तबला अर्धा तास आधी लावून ठेवा. श्रावण-भादव्यात दमट हवेने पुडी उतरते, म्हणून मध्ये एकदा पुन्हा लावावा लागेल, ते चहाच्या वेळेत करा. पद संपताच पुढच्या पदाचं नाव घ्या आणि ठेका धरा. तरीही कोणी बोललंच तर हसू नका, रागावूही नका. साधं विचारा, ‘म्हणजे काय काका?’ समजावून सांगितलेला विनोद मरतो. ‘बायकोले भेते’ म्हणाले तर स्वतःची बाजू मांडू नका. ‘पुढलं पद काळी चार’ म्हणा आणि वाजवा.

एका विनोदाला मात्र ही सवलत नाही. ‘तबला आणि बायको ठोकल्याशिवाय सुरात येत नाही.’ तबलजीच्या तोंडी तो हटकून येतो, म्हणून तुम्हाला सांगतो. तिथे ठेका थांबवा आणि स्पष्ट म्हणा की हे या बैठकीत चालणार नाही. कोणत्या घरात खरंच मारहाण होते हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्या घरची बाई कदाचित तिथेच टाळ घेऊन बसलेली असते. 2005 च्या कायद्याने कौटुंबिक हिंसाचारापासून तिला संरक्षण आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

‘आपल्या परंपरेतच आहे’ असं कोणी म्हणेल. तर नाथांची भारुडं काढा. त्यांतली बाई स्वतः बोलते, सासरच्या माणसांची गाऱ्हाणी देवीपुढे मांडते, आणि आत संसाराचं, अहंकाराचं रूपक असतं. तिथे बाईवर कोणी हसत नाही, बाई हसवते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाशी जोडलेले असाल तर त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नती हा अख्खा अध्याय आहे. तालमीआधी त्यातल्या दहा-बारा ओव्या वाचा. महाराजांचं नाव आलं की मोझरीला, त्यांच्या आश्रमात, जाऊन आलेली जुनी माणसं ऐकतात, ते तुमच्या-माझ्या सांगण्यावर ऐकणार नाहीत.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पदं, तारखा आणि पट्टी एवढंच. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो. काढा, आणि ज्याचा आहे त्याला फोन करून सांगा, ग्रुपवर वाद घालू नका. कार्यक्रमात माइकवर निवेदक बाहेरचा असेल तर आदल्या दिवशीच त्याला पदांची यादी द्या आणि मध्ये चुटके नकोत हे सांगून ठेवा. मंचावर सांगायला गेलात तर तो त्याचाच चुटका करेल.

येत्या गुरुवारी एवढंच करा: वहिनींची पट्टी आधी घरी काढा, पेटीवाल्याला तो सुरांचा कागद द्या आणि काकांशी बोलून ठेवा. जमलं तर येणं सोडलेल्या बाकीच्या दोघींच्या घरी वहिनींनाच पाठवा, ‘आता तुमच्या पट्टीत एक पद आहे’ एवढाच निरोप घेऊन. पेटीवाला पहिल्या दिवशी चुकेल, त्याला चुकू द्या. तुमचा तबला काळी 1 लाच राहू द्या.