बौद्धिक दिव्यांग व्यक्तींशी संवाद साधण्यासाठी समाजकार्यकर्त्याकडे कोणती कौशल्ये असावी लागतात?

आपण समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहात, क्षेत्रकार्यासाठी आपली नेमणूक पुण्यातील प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या कार्यशाळेत झाली आहे आणि त्यांच्याशी नेमके कसे बोलावे हे वर्गात शिकूनही उमगत नाही, असे आपण लिहिले आहे. मी याच शहरात अशा व्यक्ती आणि त्यांची कुटुंबे यांच्यासोबत सोळा वर्षे काम करते आहे, म्हणून उत्तर लिहिण्याचे धाडस करते.

सावकाश बोला, सोपे शब्द वापरा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, हा सल्ला आपल्याला मिळालाच असेल आणि तो बरोबरही आहे. परंतु तो आपल्या बोलण्याविषयी आहे. मला खरी अडचण आली ती ऐकण्यात, आणि त्यातही एका शब्दात. तो शब्द म्हणजे ‘हो’.

ज्या माणसाला लहानपणापासून घरी, शाळेत आणि दवाखान्यात इतरांनीच प्रश्न विचारले, ज्याच्या ‘नाही’ला बहुधा रागावणे किंवा समजूत घालणे हेच उत्तर मिळाले, तो हळूहळू ‘हो’ म्हणायला शिकतो. ‘हो’ म्हटले की समोरचा माणूस खूश होतो आणि प्रश्न संपतो. अमेरिकेत कॅरोल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडलेल्या अभ्यासातही हेच दिसले होते, की परस्परविरोधी अर्थाचे दोन प्रश्न विचारले तरी अनेक जण दोन्हींना होकार देतात. आपल्या मराठीत तर हा धोका अधिकच आहे, कारण ‘इथे आवडते ना?’, ‘जेवलास ना?’ असे वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावून विचारण्याची आपल्याला सवय असते आणि त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच दिलेले असते.

माझीच चूक सांगते. बत्तीस वर्षांचे एक गृहस्थ आमच्या कार्यशाळेत पणत्या रंगवण्याचे काम मन लावून करत असत. एका दिवाळीनंतर ते येईनासे झाले. मी त्यांच्या घरी गेले, आईशेजारी बसले आणि विचारले, ‘कार्यशाळेचा कंटाळा आला का?’ ते ‘हो’ म्हणाले. ‘कोणी रागावले का?’ त्यालाही ‘हो’. ‘घरीच थांबायचे आहे का?’ पुन्हा ‘हो’. आईने हट्टीपणाची तक्रार केली आणि मी फाईलमध्ये ‘कामात रस उरलेला नाही’ अशी नोंद करून मोकळी झाले. पंधरा दिवसांनी एका ज्येष्ठ विशेष शिक्षिकेच्या सांगण्यावरून मी पुन्हा गेले, ती बसथांबा, फाटक, रंगकामाचे टेबल आणि जेवणाची खोली यांची छायाचित्रे घेऊन. ती त्यांच्यासमोर ओळीने मांडली आणि काहीही न विचारता गप्प बसले. त्यांनी रंगकामाचे टेबल उचलून स्वतःजवळ ठेवले. जेवणाच्या खोलीचे छायाचित्र मात्र त्यांनी पालथे केले. त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला थांबले, तेव्हा ते पोळीचा तुकडा फक्त डाव्या बाजूने, डोळे मिटून चावत असल्याचे मला दिसले. दाढ किडली होती. घरी आई पोळी दुधात कुस्करून देत असे, डब्यात ती कोरडी असे. दाढेवर उपचार झाल्यावर आठवडाभरात ते परत आले. आम्ही सर्व जण दुखण्याला स्वभाव समजलो होतो, आणि माझ्या प्रश्नांपैकी एकही प्रश्न त्या दाढेपर्यंत पोहोचणारा नव्हता.

म्हणून ‘हो’ आले की ते दोन पर्याय देऊन तपासून पाहावे. ‘चहा की सरबत?’ असे विचारल्यावर ‘सरबत’ हे उत्तर आले, तर थोड्या वेळाने क्रम बदलून ‘सरबत की चहा?’ असे विचारावे. आता ‘चहा’ असे उत्तर आले, तर ती निवड नसून ऐकलेल्या शेवटच्या शब्दाचा प्रतिध्वनी असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दोन्ही पेले समोर ठेवावेत आणि हात कोठे जातो ते पाहावे. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजावेत आणि तोवर प्रश्नाची पुनरुक्तीही करू नये, कारण नव्या शब्दांत विचारलेला तोच प्रश्न त्यांच्यासाठी दुसरा प्रश्न ठरतो आणि आधीचा विचार मोडतो. ‘असे का केलेस?’ हा प्रश्न शक्यतो टाळावा, कारण तो दटावणीसारखा ऐकू येतो. ‘आधी काय झाले? मग काय झाले?’ असे विचारल्यास बरेच काही कळते. बोलणे समजले नाही तर समजल्याचे नाटक मात्र कधीही करू नये.

साधे वाटणारे काही शब्दही घोटाळा करतात. ‘परवा’ हा मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे वार सांगावा व दिनदर्शिकेवर बोट ठेवावे. ‘आपण डॉक्टरांकडे जाऊ’ या वाक्यात नेमके कोण जाणार, हे स्पष्ट होत नाही. आणि चाळिशीच्या माणसाला ‘बाळा’ म्हणू नये. कार्यशाळेत सर्रास अरे-तुरे चालत असले तरी आपण ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ने सुरुवात करावी आणि पालक शेजारी असले तरी प्रश्न त्या व्यक्तीकडेच पाहून विचारावा.

ज्यांना वाचा नाही किंवा फार थोडी आहे, त्यांची श्रवणतपासणी झाली आहे का, हे आधी पाहावे. विशेषतः डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये ऐकण्याची अडचण बरीच आढळते आणि ती ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली दडून राहते. बोट ठेवून सांगता येईल असा चित्रफलक वापरावा, आयआयटी मुंबईने तयार केलेले ‘जेलो’ हे चित्रांच्या साह्याने बोलण्याचे मोफत ॲपही उपयोगी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच सोपी भाषा आणि पूरक-पर्यायी संवादमार्ग, म्हणजे बोलण्याला जोड देणारी किंवा त्याची जागा घेणारी चित्रे, खुणा यांसारखी साधने, यांचा समावेश केला आहे. त्याच कायद्याचे कलम १४ मर्यादित पालकत्वाचा, म्हणजे त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून एकत्र निर्णय घेण्याचा विचार मांडते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय न्यास कायद्याखालील (बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम इत्यादी असलेल्या व्यक्तींसाठीच्या केंद्रीय कायद्याखालील) स्थानिक समितीने कायदेशीर पालक नेमलेला असला, तरी त्या व्यक्तीला विचारण्याचे आपले काम संपत नाही. सही पालकांची असेल, पण सहल, छायाचित्र, औषध यांविषयी आधी तिलाच समजेल अशा रीतीने सांगावे.

शेवटची गोष्ट निरोपाची आहे. क्षेत्रकार्याचे विद्यार्थी जून-जुलैत येतात, जीव लावतात आणि परीक्षा जवळ आली की एके दिवशी यायचे थांबतात. त्यानंतर कित्येक आठवडे कोणीतरी फाटकाकडे पाहत ‘ताई कधी येणार?’ असे विचारत राहते. आपण पहिल्याच आठवड्यात भिंतीवर दिनदर्शिका लावा, आपल्या शेवटच्या दिवसाच्या चौकोनात आपले छायाचित्र चिकटवा आणि आपण येता त्या प्रत्येक दिवशी त्यांच्याच हाताने त्या दिवसावर फुली मारून घ्या.