कॉलेजातल्या मुलाला घरची जुनी गाडी दिली, पण तो तिच्याकडे बघतही नाही. त्याला सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सेकंड इयरला आहे, घरची जुनी स्विफ्ट त्याला दिलीय, तो ती धूत नाही, सर्व्हिसिंगची तारीख उलटली तरी हलत नाही, आणि शेवटी "मीच गॅरेजला नेऊन आणतो". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. चूक मुलाची नाही, तुमची आहे. राग मानू नका, आमच्या घरात हेच झालं.

आमची आल्टो 2010 ची. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला गेली तेव्हा ह्यांनी तिला दिली. दिली म्हणजे काय, चावी दिली. ती शनिवारी साताऱ्याला आली की हे गाडी धुणार, हवा भरणार, ऑइल बघणार, टाकी फुल करून सोमवारी पहाटे तिच्या हातात देणार. मी म्हणायचे तिला करू दे, तर उत्तर ठरलेलं, "तिला अभ्यास आहे आणि तुला गाडीतलं काय कळतंय?" वीस वर्षं ऐकलंय हे वाक्य.

मे 2024. पोरगी दोन मैत्रिणींना घेऊन घरी येत होती, भर दुपारी, एसी चालू, खंबाटकी घाट चढताना पुढे ट्रकची रांग. तिचा मला फोन, "आई, टेंपरेचरचा काटा पार वर गेलाय, बॉनेटमधून वाफ येतेय, बाबा फोन उचलत नाहीयेत, इथे एक काका थांबलेत ते म्हणतात झाकण उघडून पाणी ओत." मी ओरडलेच, इंजिन बंद कर, हँडब्रेक लाव, सगळ्या गाडीतून उतरून कठड्याच्या आत उभ्या राहा आणि त्या झाकणाला कोणालाही हात लावू देऊ नकोस. मला हे माहीत होतं कारण माझे वडील कराडला मॅटाडोर चालवायचे आणि त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट चट्टा होता, गरम रेडिएटरचं झाकण उघडल्याचा. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे, कातडी कागदासारखी लागायची.

गाडी टो करून साताऱ्याला आणली. रेडिएटरचा खालचा होज पाईप चिरलेला, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कित्येक दिवस गळत होतं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, उडालेलं. तो वरचा भाग, हेड, घासून सपाट करायला लेथवर पाठवावा लागला, एकूण साडेचौदा हजार. मेकॅनिकने विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, पार्किंगमध्ये गाडीखाली ओलं दिसायचं, मला वाटलं एसीचं पाणी. एसीचं पाणी स्वच्छ असतं हो, हे हिरवट आणि बोटाला चिकट लागणारं. पण तिला कोण सांगणार, तिने कधी बॉनेटच उघडलेलं नव्हतं. चौदा महिने गाडी चालवत होती.

हे म्हणाले विकून टाकू, नाहीतर आता दर शनिवारी मी आणखी नीट बघतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं नाही. सुट्टी होती, पोरीला तीन दिवस गॅरेजमध्ये मेकॅनिकशेजारी उभी केली. तो चिरलेला होज तिने घरी आणलाय, अजून तिच्या टेबलावर आहे. बिलातले पाच हजार तिच्याकडून घेतले, महिन्याला पाचशेप्रमाणे, आणि कागदांची फाईलही तिच्याकडे दिली. आमची गाडी बीएस 3, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली, म्हणून पीयूसी, धुराची तपासणी, दर सहा महिन्यांनी, ते ती बघते. इन्शुरन्स ती रिन्यू करते, संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो हे तिनेच ह्यांना सांगितलं. गेल्या वर्षी गाडीला 15 वर्षं झाली तर रीरजिस्ट्रेशनचा फॉर्म, पाच हजार फी, पर्यावरण कर, आरटीओत गाडी दाखवणं, सगळं तिने केलं. हे फक्त सहीपुरते. तेव्हा "तुला काय कळतंय" कोणी म्हणालं नाही.

तर तुम्ही धुण्यावरून भांडणं सोडा, धुळीने गाडी मरत नाही. गॅरेजवाल्याला सांगा की यापुढे फोन मुलाला करायचा, तुम्हाला नाही. हे सगळ्यात अवघड आहे आणि मुलापेक्षा तुम्हालाच जास्त अवघड जाईल. परीक्षेच्या आठवड्यात केलीत मदत तर काही बिघडत नाही, तेवढं माझ्या ह्यांचंही बरोबर होतं.

आणि एक राहिलं, ब्रेक आणि टायर "चुका करून शिकेल" यात धरू नका, ते दोन-तीन महिन्यांनी स्वतः बघा. गाडी तुमच्या नावावर असेल तर इन्शुरन्स चालू आहे ना हेही बघा, अपघात झाला तर मालक म्हणून तुम्हीच सापडता. बाकी आज त्याला फोन करा, पार्किंगमध्ये गाडीखाली डाग आहे का बघायला सांगा आणि असेल तर बोट लावून रंग विचारा.