संपात बदली सिस्टर: कुणासाठी आणि किती दिवस?

रुग्णालयातला संप आणि त्या काळात बाहेरून आणलेल्या परिचारिका, या विषयावर मुंबई-ठाण्याहून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं अतिदक्षता विभाग जवळून माहीत असलेल्या परिचर्या-शिक्षिका आणि कामगार कायद्याचे वकील यांनी मिळून लिहिली आहेत.

मी जीएनएम (नर्सिंगमधली पदविका) झालेय, सहा वर्षं आयसीयूत काम केलंय. मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टाफ संपावर जाणार आहे आणि एजन्सीने मला पाच दिवसांसाठी नेहमीच्या तिप्पट पैसे देऊ केलेत. मैत्रिणी म्हणतात, जाऊ नकोस, ही फितुरी आहे. पण यात पेशंटचा काय दोष? (स्टाफ नर्स, कळवा)

पेशंटचा काहीच दोष नाही. म्हणूनच एजन्सीला आधी हे विचारा: मला नेमक्या कोणत्या पेशंटसाठी बोलावताय? व्हेंटिलेटरवरचा, हलवता न येणारा माणूस आणि पुढच्या आठवड्यात गुडघा बदलायला येणारा माणूस, दोघांनाही आपण पेशंटच म्हणतो. पण पहिल्याजवळ तुम्ही उभ्या राहिलात तर एक जीव सांभाळता. दुसऱ्यासाठी उभ्या राहिलात तर रुग्णालयाचं बिलिंग सांभाळता आणि आपल्याच व्यवसायातल्या बायकांचं म्हणणं कुणाच्या कानावर जाऊ नये याला हातभार लावता. संपाच्या दिवसांतली ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) यादी मागा. नियोजित शस्त्रक्रिया चालू ठेवल्या असतील तर जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कायदाही पाहा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. जो संप बेकायदेशीर नाही, त्या काळात नवी भरती करणं हे त्या यादीत आहे. केंद्राच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतल्या यादीतही तेच आहे. इथे दोषी ठरतो तो मालक, तुम्ही नाही. तरीही आपण कशाचा भाग होतोय हे ठाऊक असावं.

आता सुरक्षिततेचं. अनुभवी सिस्टर परक्या वॉर्डात चुकते ती ज्ञान कमी पडल्यामुळे नव्हे, हाताला वेगळी सवय असल्यामुळे. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्या असतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज अशी जोडी जमली, की १० युनिटच्या रेघेपर्यंत ओढल्यावर आत २५ युनिट येतात. रात्री तीन वाजता हे लक्षात येत नाही, सकाळी पेशंट उठत नाही तेव्हा येतं. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचंही तसंच. एका आयसीयूत ५० मिलीत ४ मिलिग्रॅम भरायची पद्धत असते, दुसऱ्यात ८. पंपावर जुन्या सवयीने ताशी ५ मिली लावलं तर डोस दुप्पट तरी होतो नाहीतर निम्मा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या ५ मिलीच्या दोन बाटल्या दिसायला सारख्या असू शकतात आणि ताकदीत पाचपट फरक असतो.

जायचं ठरवलंच तर पहिली पूर्ण पाळी स्वतंत्र पेशंट न घेता, तिथल्या माहीतगार सिस्टरच्या सोबत काढायची, ही अट घाला. त्या पाळीत क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) कुठे आहे, कोड ब्लूचा (हृदय बंद पडल्यावर मदत बोलावण्याचा) नंबर काय, पंप कोणत्या बनावटीचे आहेत, औषधं किती पातळ करतात याचा तक्ता कुठे लावलाय, मॉर्फिन-फेंटानिलच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टर कुणाकडे असतं, हे पाहून घ्या. रुग्णालयाच्या संगणकावर स्वतःच्या नावाचं लॉगिन घ्या. दुसऱ्याच्या लॉगिनवर औषध दिल्याची नोंद केली आणि पुढे चौकशी लागली, तर ते औषध तुम्ही दिलं हेही सिद्ध होत नाही आणि दिलं नाही हेही. नेमणूकपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर हवं, नुसता एजन्सीचा व्हॉट्सॲप मेसेज चालणार नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी-नूतनीकरण चालू असल्याची खात्री करा. दुसऱ्या राज्याच्या परिषदेत नोंद असलेल्या मुलींना इथली नोंदणी करून घ्यावी लागते. ती झालेली नसताना एजन्सी ‘चालतं हो’ म्हणाली, तर तिथेच थांबा.

आमच्या १५० खाटांच्या रुग्णालयाला युनियनने १४ दिवसांची नोटीस दिली आहे. पेशंट वाऱ्यावर सोडता येत नाहीत. किती बदली नर्सेस घेणं नैतिक ठरेल? (प्रशासन विभाग, पश्चिम उपनगर)

आकडा आधी ठरवून माणसं शोधू नका. आधी पेशंट कमी करा. उरतील त्यांना किती हात लागतात ते मोजा, युनियन स्वतः किती देते ते वजा करा, आणि मग काही उरलंच तर बाहेर बघा. क्रम उलटा झाला की हेतूही उलटा होतो.

नोटिशीचे १४ दिवस असतातच यासाठी. पहिल्या दोन-तीन दिवसांत युनियनशी आपत्कालीन सेवेबद्दल लेखी बोलणी करा: आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), लेबर रूम, कॅज्युअल्टी, डायलिसिस, यांपैकी कुठे किती सिस्टर देणार. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची भूमिकाही अशीच आहे, की संपाचा हक्क आहे पण जीव वाचवणारी सेवा चालू राहिली पाहिजे. त्यामुळे बहुतेक जबाबदार संघटना ही मागणी धुडकावत नाहीत. धुडकावली तर ते त्यांच्याविरुद्ध जातं आणि त्याची लेखी नोंद तुमच्याकडे राहते.

शस्त्रक्रिया कधी थांबवायच्या यात हमखास चूक होते. संपाच्या आदल्या दिवशी ओटी बंद करून भागत नाही. बायपासचा पेशंट साधारण आठवडाभर खाटेवर असतो. नोटिशीच्या नवव्या दिवशी बायपास केलीत, तर संपाच्या पहिल्या दिवशी तो तुमच्याच आयसीयूत किंवा स्टेपडाऊनमध्ये (आयसीयूनंतरच्या वॉर्डात) असणार. म्हणून ज्यांना नंतर आयसीयू लागणार अशा नियोजित शस्त्रक्रिया सहाव्या-सातव्या दिवसापासून घेऊ नका, किरकोळ शस्त्रक्रिया शेवटच्या दोन दिवसांत थांबवा. डायलिसिस आणि केमोथेरपीला मात्र ‘नियोजित’ म्हणून हात लावू नका. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याचं एक सत्र चुकलं तरी पोटॅशियम चढतं. त्यांची दुसऱ्या केंद्रात सोय लावून मगच खुर्ची बंद करा. प्रसूतीची तारीखही पुढे ढकलता येत नाही. नाव नोंदवलेल्या बायकांना आधीच फोन करून पर्यायी रुग्णालय कळवा.

मग गणित करा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर हवी. १० पेशंट, तीन पाळ्या म्हणजे ३०. सुट्ट्या आणि आजारपणासाठी ३० टक्के राखीव धरले की ३९. हाताशी २४ असतील तर तुम्ही सहाच व्हेंटिलेटर चालवू शकता. उरलेले चार पेशंट, ज्यांना हलवता येईल ते, दुसरीकडे पाठवायचे, आणि तेही संप सुरू व्हायच्या आधी. बारा तासांच्या दोन पाळ्या लावून हा आकडा जुळवायचा मोह होईल. अनोळखी जागा आणि बारावा तास एकत्र आले की औषधाची चूक ठरलेली. सामान्य वॉर्डासाठी भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण महाविद्यालयीन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक असं आहे. तुमच्या वॉर्डात एरवीसुद्धा हे पाळलं जात नसेल, तर संपाच्या मागण्यांत त्याचा उल्लेख असणारच. तो वाचा.

‘बदली नर्सेस आणल्या की सेवा पूर्ववत’ ही समजूत सोडून द्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या १९८४ ते २००४ या काळातल्या परिचारिकांच्या संपांचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. संपाच्या काळात दाखल झालेल्या रुग्णांमधलं रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण सुमारे १८ ते १९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि ज्या रुग्णालयांनी बदली कर्मचारी आणले होते त्यांची स्थिती न आणणाऱ्यांपेक्षा चांगली नव्हती. तिथे संपासाठी परिचारिका पुरवणाऱ्या मोठ्या एजन्सीज आहेत, हातात १० दिवसांची नोटीस असते, आणि तरीही हे. आपल्याकडे नर्सिंग ब्युरोच्या भरवशावर चार दिवसांत उभी केलेली फळी त्याहून सरस ठरेल, असं मानायला काही आधार नाही.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. नोटीस न देता, नोटिशीची मुदत संपायच्या आत किंवा समेटाची कार्यवाही चालू असताना केलेला संप बेकायदेशीर ठरू शकतो, पण तो तसा आहे हे तुम्ही मनाशी ठरवून भरती सुरू करू नका. दुसरं, संस्था मुख्यतः धर्मादाय कामात असेल तर २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या ‘उद्योग’ या व्याख्येतून ती बाहेर राहते. मुंबईत ट्रस्टची रुग्णालयं भरपूर, त्यामुळे तुमची संस्था नेमकी कुठे बसते हे वकिलाकडून लेखी घ्या. आणि व्याख्येतून सुटलात म्हणून ओटी चालू ठेवायला मोकळे झालात असं होत नाही.

ज्या बदली सिस्टर घ्याल त्यांच्या नेमणूकपत्रात शेवटची तारीख लिहा: संप मिटल्यावर २४ तास. ती तारीख नसेल, तर संपकऱ्यांच्या जागा भरल्या असंच सगळे समजतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना संपाच्या काळात वॉर्डात ‘मदतीला’ पाठवायला सांगितलं आहे. (शिक्षिका, नवी मुंबई)

पाठवू नका. विद्यार्थिनी शिकायला वॉर्डात जाते, तिच्यामागे शिकवणारी असते म्हणून. शिकवणारी वॉर्ड-सिस्टरच संपावर असेल, तर ती मुलगी म्हणजे नोंदणी नसलेली एकटी मुलगी. तिने इंट्राव्हेनस औषध दिलं आणि काही झालं, तर तिच्या बाजूने कोण उभं राहणार? प्राचार्यांना हे लेखी कळवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. जेवण भरवणं, कूस बदलणं, नातेवाइकांना माहिती देणं, एवढं काम शिक्षिका सोबत असताना करता येईल. औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही.

आम्ही संपावर जाणार आहोत. घरचे विचारतात, एखादा पेशंट दगावला तर ते पाप कुणाचं? (परिचारिका, परळ)

हा प्रश्न टाळू नका आणि त्याने खचूनही जाऊ नका. तुमची जबाबदारी ठरते ती तुम्ही काय मागे ठेवून बाहेर पडलात यावर. पाळी संपल्यावर, पेशंट दुसऱ्या सिस्टरच्या हाती रीतसर ओव्हर देऊन बाहेर पडलात, तर तुम्ही पेशंट सोडला असं होत नाही. पाळीच्या मध्येच, ड्रिप चालू असताना वॉर्डाबाहेर पडलात, तर होतं. आयसीयू आणि एनआयसीयूसाठी आपल्यातल्याच सिस्टरांची आपत्कालीन पाळी लावा. कोणाचं नाव, कोणती पाळी, हे लिहून मेट्रनकडे आणि व्यवस्थापनाकडे पोहोच घेऊन द्या. बाहेरच्या बदलीपेक्षा तुमची स्वतःची अर्धी फळी पेशंटला जास्त सुरक्षित ठेवते, कारण तिला ते पंप आणि ते पेशंट माहीत आहेत. आणि मग व्यवस्थापनाला ‘पेशंटसाठी भरती करतोय’ असं म्हणायला जागा उरत नाही.

सरकारी सेवेत असाल तर धोका वेगळा आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं आहे, आणि राज्य सरकार मेस्मा (अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा) लावू शकतं. तरीही मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी कंत्राटी भरतीच्या विरोधात संप केलाच. कायम पदं रिकामी ठेवून कंत्राटावर सिस्टर घेणं म्हणजे संपाशिवाय, बारा महिने चाललेली बदली, अशी ती तक्रार होती आणि ती आम्हाला रास्त वाटते.

खासगीत पगाराचा मुद्दा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीच्या शिफारशी हाताशी ठेवा. २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार, १०० हून जास्त असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी, आणि त्याहून लहान ठिकाणीही २०,००० रुपयांच्या खाली नाही. संप मिटल्यावर ‘यापुढे नीट वागेन’ अशा बाँडवर सही केल्याशिवाय कामावर घेणार नाही, असं म्हणाले तर सही करू नका. कायदेशीर संपावर गेलेल्यांकडून असा बाँड मागणं हे १९७१ च्या कायद्याच्या त्याच चौथ्या अनुसूचीत अनुचित म्हणून लिहिलेलं आहे.

वडील आयसीयूत आहेत आणि सोमवारपासून संप आहे. आम्ही काय विचारावं? (वाचक, दादर)

आधी डॉक्टरांना विचारा, वडिलांना हलवता येईल का. हलवण्याचा धोका राहण्याच्या धोक्यापेक्षा कमी असेल तर शनिवारीच हलवा. रविवारी रात्री सगळेच खाट शोधत असतील. रुग्णवाहिका व्हेंटिलेटरची आणि सोबत डॉक्टर हवा. सारांशाच्या कागदावर चालू ड्रिपचं नाव, किती मिलीत किती औषध आणि ताशी वेग, तिन्ही लिहून घ्या.

राहणार असाल तर विचारा: वडिलांजवळ प्रत्येक पाळीत कोण, ती या आयसीयूतली की बाहेरची, आणि तिच्याकडे आणखी किती पेशंट आहेत. ‘दोनपेक्षा जास्त’ असं उत्तर आलं तर वरिष्ठ डॉक्टरांना भेटा. वडिलांना कशाची ॲलर्जी आहे ते मोठ्या अक्षरात लिहून खाटेजवळ लावायला सांगा. रक्त चढवणार असतील तर पिशवीवरचं नाव आणि गट दोन जणांनी वाचून पडताळला का, एवढं नम्रपणे विचारा. पहिली १५ मिनिटं सिस्टर जवळ असायला हवी.

बाहेर गेटवर घोषणा देणाऱ्या सिस्टरांपैकी एखादी कालपर्यंत वडिलांची कूस बदलत होती. तिला भेटलात तर वडिलांची काय काळजी घ्यायची ते विचारा. त्यांना कोणत्या कुशीवर धाप लागते, सक्शन किती वेळाने लागतं, हे कागदावर नसतं. ते तिला माहीत असतं, आणि विचारलंत तर ती सांगेल.