पूल एकच, पण आता दोन्ही टोकांना पोलीस

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाचा नाशिकला जर्मन भाषेची बी-१ परीक्षा देतोय. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातून नर्सिंगसाठी यायचं त्याच्या मनात आहे. आणि इकडे बातम्या दिसतात की जर्मनीने सीमेवर माणसं परत पाठवायला सुरुवात केली. मग यांना माणसं हवीत की नकोत? आणि युरोप एक आहे म्हणतात, तर शेजाऱ्याच्या सीमेवर पोलीस कशाला?

मी २००७ पासून फ्रँकफुर्टमध्ये राहतो. विमानतळाचं मोठं फ्रँकफुर्ट नव्हे, ओडर नदीकाठचं लहान फ्रँकफुर्ट. नदीवर एक पूल आहे. पलीकडे पोलंडचं स्वुबिट्से. १९४५ पर्यंत ते याच गावाचं एक उपनगर होतं. मी आलो तेव्हा पुलावर पासपोर्ट तपासणी होती आणि भारतीय पासपोर्टवर पलीकडे जायला पोलंडचा वेगळा व्हिसा लागायचा. त्यामुळे पहिले तीन महिने मी समोरच्या गावातले दिवे नुसते खिडकीतून बघितले. २१ डिसेंबर २००७ ला पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आलं आणि त्या आठवड्यात मी पासपोर्टसोबत फक्त जर्मनीत राहण्याचं परमिट घेऊन चालत पलीकडे गेलो, केस कापून परत आलो. पंधरा-सोळा वर्षं तो पूल आम्हाला गल्लीसारखा होता. शिकवणाऱ्या बाई पलीकडे राहायच्या, आम्ही भाजी आणायला तिकडे जायचो, शहराची बस मधूनच ये-जा करते. आज त्याच बसमध्ये पोलीस चढतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये जर्मनीने या सीमेवर तपासणी बसवली, १६ सप्टेंबर २०२४ पासून ती जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर नेली, आणि ७ जुलै २०२५ पासून पोलंडनेही आपल्या बाजूने सुरू केली. म्हणजे पूल एकच आणि दोन्ही टोकांना तपासणी. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. दिंडी दरवाजा एक, अंगण एक, आत बिऱ्हाडं वेगवेगळी. कुठलं बिऱ्हाड कुणाला पाहुणा म्हणून ठेवून घेणार हे ते बिऱ्हाड ठरवणार, पण पाहुणा एकदा दिंडीतून आत आला की अंगणभर हिंडणार. युरोपची रचना अशीच आहे. शेंगेनमुळे २९ देशांचं अंगण सामायिक झालं. बाहेरच्या देशांतून नोकरीसाठी किती माणसं घ्यायची, हे मात्र प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचं, असं युरोपीय संघाच्या मूळ करारातल्या ७९व्या कलमात स्पष्ट आहे. तुमच्या भाच्याचा व्हिसा त्या खात्यातला आहे. आश्रय मागणाऱ्यांसाठी संघाचे समान नियम आहेत, आणि खरी मेख तिथे आहे. डब्लिनच्या नियमानुसार, काही अपवाद सोडले तर, माणूस ज्या देशातून पहिल्यांदा संघात शिरला त्या देशानेच त्याचा अर्ज बघायचा. नकाशा बघितला की कळतं, हे ओझं कुणाच्या डोक्यावर पडणार: इटली, ग्रीस, माल्टा, बल्गेरिया, हंगेरी. आणि मधोमध असलेल्या जर्मनीपर्यंत जमिनीवरून कुणी पोहोचलाच, तर कायद्याने तो आधी दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

२०१५-१६ च्या हिवाळ्यात इथल्या एका निवारा केंद्रात मी फॉर्म भरून द्यायला जायचो. जर्मनचा एक शब्द न येणाऱ्या माणसांनाही "डब्लिन" हा शब्द माहीत होता आणि तो ते हळू आवाजात उच्चारायचे. एका अफगाण मुलाच्या बोटांचे ठसे बल्गेरियात घेतलेले होते. तो बोलताना दहाही बोटं टेबलाखाली लपवायचा. त्याचा जीव त्या ठशांत अडकला होता आणि मी समोर बसून "पहिला प्रवेश कुठे?" हा रकाना भरत होतो.

त्याआधी ४ सप्टेंबर २०१५ च्या रात्री जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मेर्केलबाईंनी ऑस्ट्रियाशी बोलून हंगेरीत अडकलेल्या निर्वासितांना आत येऊ दिलं. माणुसकीच्या बाजूने मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. पण बाकीच्या देशांना विश्वासात घेऊन तो झाला नाही, आणि नऊच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी बसवली. मग २२ सप्टेंबरला संघाच्या गृहमंत्र्यांनी १,२०,००० माणसं देशादेशांत वाटून घ्यायचा ठराव बहुमताने मंजूर केला. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक आणि रोमानिया यांनी विरोधात मत दिलं, तरी तो त्यांच्यावर लागू झाला.

युरोपच्या एकजुटीला खरा तडा त्या दिवशी गेला असं माझं मत आहे. बहुमत नियमात बसत होतं, संघाच्या न्यायालयानेही २०१७ मध्ये ते वैध ठरवलं. पण आपल्या गावात कोण राहणार हे ब्रुसेल्समध्ये, संघाच्या मुख्यालयात, आपल्या विरोधात मतदान होऊन ठरलं, ही भावना एकदा मनात बसली की निकालपत्राने ती निघत नाही. हंगेरीत तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान यांनी २०१६ मध्ये त्यावर सार्वमत घेतलं. मतदान कमी झाल्याने ते अवैध ठरलं, पण प्रचार महिनोन्‌महिने चालला आणि त्यांना हवं ते मिळालं. पोलंडमध्ये ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत हाच मुद्दा तापला आणि राष्ट्रवादी विचारांचा कायदा व न्याय पक्ष सत्तेवर आला. वाटून घ्यायच्या माणसांपैकी पोलंड आणि हंगेरीने एकही घेतला नाही. एका देशाचा निर्णय दुसऱ्या देशातली निवडणूक कशी फिरवतो, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आणि ती लाट उलटून जर्मनीत आलीच. एएफडी हा पक्ष २०१३ मध्ये युरो चलनाच्या विरोधात स्थापन झाला होता, तेव्हा त्याला ४.७ टक्के मतं पडली. स्थलांतराचा मुद्दा उचलल्यावर २०१७ मध्ये १२.६, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २०.८ टक्के, म्हणजे देशात दुसरा क्रमांक. २०१८ मध्ये सीमेवरून माणसं परत पाठवायची की नाही, यावरून मेर्केल आणि त्यांचेच गृहमंत्री, बव्हेरियातल्या भगिनी पक्षाचे झेहोफर, यांच्यात असं वाजलं की दोन्ही पक्षांची सत्तर वर्षांची युती तुटता तुटता राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगनला चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली. हल्लेखोर सीरियातून आलेला, डब्लिननुसार त्याला बल्गेरियाला परत पाठवायचं होतं, ते झालं नव्हतं. महिन्याच्या आत जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर पोलीस उभे राहिले.

इथल्या माझ्या शेजाऱ्यांवर मी सरसकट वर्णद्वेषी असा शिक्का मारणार नाही. बालवाडीत जागा मिळत नाही, भाडी वाढली, डॉक्टरची वेळ तीन महिन्यांनी मिळते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक निर्वासित यायच्या आधीपासूनच्या आहेत. इतकी वर्षं त्या कुणी नीट ऐकल्या नाहीत, म्हणून जो पक्ष मोठ्याने बोलला त्याच्या मागे लोक गेले. सगळे मात्र गेले नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गावात महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत एका अपक्षाने एएफडीच्या उमेदवाराला हरवलं. त्या रात्री मला बरी झोप लागली.

मे २०२५ मध्ये नव्या सरकारने आश्रय मागणाऱ्यांनाही सीमेवरूनच परत पाठवायचा आदेश काढला. दोनच दिवसांनी आमच्या स्टेशनवर सोमालियाच्या तिघांना गाडीतून उतरवून पोलंडला परत पाठवलं. २ जूनला बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. जबाबदारी कुठल्या देशाची हे डब्लिनच्या पद्धतीने आधी ठरवा, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल या तिघांपुरताच, असं सांगून सरकारने धोरण चालूच ठेवलं. पलीकडे पोलंडमध्ये अफवा पसरल्या की जर्मन लोक रात्री गाड्या भरभरून माणसं आणून सोडताहेत. काही राष्ट्रवादी मंडळी स्वतःच पुलांवर गस्त घालायला उभी राहिली. पंतप्रधान तुस्क यांचं सरकार युरोपवादी, पण त्यांच्या आघाडीचा उमेदवार १ जूनला अध्यक्षपदाची निवडणूक थोडक्यात हरला होता. पाच आठवड्यांनी त्यांनीही तपासणी लावली. म्हणजे बर्लिनने आपला मतदार सांभाळायला पाऊल उचललं, आणि वॉर्साने त्याच कारणाने तसंच पाऊल उचललं. दोघांनाही मत देणारे आपापल्या घरातलेच. स्वुबिट्सेचा दुकानदार बर्लिनच्या सरकारला मत देऊ शकत नाही, पण त्याच्या दुकानापर्यंतची रांग बर्लिन ठरवतं.

माणसांची संख्या वाढली की एकी मोडते असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून लोक आले तेव्हा सगळ्या देशांनी मिळून ४ तारखेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. कुठे जायचं ते माणसाने स्वतः निवडायचं, लगेच काम करायचं, डब्लिनची भानगड नाही. चाळीस लाखांच्या वर माणसं सामावली गेली, आणि दार उघडण्यात पोलंड पुढे होतं. ते गोरे होते, शेजारी होते, शत्रू एक होता, हे सगळं खरं आहे आणि त्या अफगाण मुलाची आठवण आली की मला ते बोचतं. तरीही निर्णय एकत्र झाला होता, ही गोष्ट त्यात मोठी होती.

नवा स्थलांतर करार २०२४ मध्ये मंजूर झाला, १२ जून २०२६ ही लागू होण्याची तारीख ठरली. त्यात माणसं घ्या, नाहीतर माणशी २०,००० युरो द्या, नाहीतर दुसरी मदत करा, अशी मुभा आहे. २०१५ ची जबरदस्ती टाळायचा हा प्रयत्न आहे. हंगेरी आणि पोलंडने यालाही विरोधात मत दिलं.

आता भाच्याबद्दल. तो ज्या वाटेने येणार तिचा या सीमेवरच्या गोंधळाशी कायद्याने संबंध नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली, आणि रुग्णालयांना नर्स खरोखर हव्या आहेत. वातावरणाचा परिणाम मात्र होतो. नागरिकत्व तीन वर्षांत मिळण्याची सोय सुरू होऊन दीड वर्षाच्या आत रद्द झाली, म्हणून असल्या घोषणांवर आयुष्याचा हिशोब मांडू नये. बी-१ वर न थांबता त्याला बी-२ करायला सांगा. वॉर्डात रुग्णाशी बोलायला तेवढी भाषा लागतेच. आणि आला की कधी इकडे ये म्हणावं, मी त्याला पूल दाखवेन. फक्त पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही खिशात ठेवायचं. मोबाइलमधला फोटो चालत नाही, मी एकदा त्यापायी पुलावर पाऊण तास उभा राहिलोय.